उतरवायला दिलेला रंग

गेल्या माघात एका लग्नासाठी नांदेडला जाणे झाले. मंगल कार्यालय नव्या वस्तीत होते. जुन्या गावाशी आणि नदीशी त्याचा काही संबंध नव्हता. जेवणे आटोपली, पाहुणे फोटोसाठी रांगेत उभे राहिले, तेव्हा मी कुणाला फारसे न सांगता बाहेर पडले आणि रिक्षात बसून म्हणाले, "घाटावर सोडा."

"कोणत्या घाटावर, मावशी?"

हा प्रश्न माझ्या लहानपणी कुणी विचारला नसता. आमच्यापुरता घाट एकच होता. गल्ली संपे तिथे पायऱ्या सुरू होत आणि पायऱ्या संपत तिथे गोदावरी. मी रिक्षावाल्याला गल्लीचे नाव सांगितले. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले.

"तिथं काय राहिलं हाय आता," तो म्हणाला. तरी त्याने रिक्षा वळवली.

गल्ली मला अरुंद वाटली. बहुधा ती तेवढीच असेल आणि माझ्या आठवणीने तिला रुंद करून ठेवले असेल. मोबाइलची दुकाने, झेरॉक्स, चप्पल-बुटांचे ढीग, आणि शेवटी एकदम उजेड. घाटावर आता गुळगुळीत फरशी आहे, स्टीलचे कठडे आहेत, बसायला बाक आहेत. धरणातून पाणी सोडताना वाजणाऱ्या भोंग्याचा एक खांब आहे. पाणीही आहे, पुष्कळ आहे. पण ते वाहत असल्याची खूण मला सापडली नाही. काठाशी जलपर्णीचा जाड हिरवा थर साचला होता आणि त्यावर एक बगळा जमिनीवर चालावे तसा चालत होता.

मी डाव्या अंगाला गेले. तिथे रंगाऱ्यांची कुंडे असायची. काठाच्या काळ्या खडकात कोरलेली, परातीएवढी आणि त्याहून मोठी, गोल. ती कुणी कोरली हे आम्ही कधी विचारले नाही. एकात निळे पाणी, एकात पिवळे, एकात नुसते तुरटीचे. आता त्या जागेवर सिमेंटचा सपाट ओटा आहे आणि त्यावर तीन मुले पाय सोडून मोबाइल पाहत बसली होती. त्यांना बाजूला व्हा म्हणण्याचे मला धाडस झाले नाही. मी कठड्याला धरून उभी राहिले.

आम्ही या गल्लीत पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत राहत होतो. अप्पा शाळेत मास्तर होते. गिरणी सुरू झाली की आमची जमीन बारीक थरथरे, फडताळातली भांडी एकमेकांना लागून किणकिणत आणि फटींतून गरम ज्वारीचा वास वर येई. दुपारी गिरणी थांबली की कानांना एक पोकळी जाणवे. मग त्या पोकळीत एकेक आवाज येऊन बसे. धोब्याच्या पिळ्याचा धप्प आवाज आणि त्यामागून पलीकडच्या काठावरून येणारा त्याचाच प्रतिध्वनी. गुरुद्वाऱ्यातले कीर्तन, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे जवळ किंवा दूर. अजान. तांबटाची ठोक. मागची खिडकी उघडली की घाटाच्या पायऱ्या वरून खालपर्यंत दिसत आणि कोण उतरले, कोण चढले, ते घरात बसून कळे.

नदीला तेव्हा ऋतू होते. भाद्रपदात ती लाल होऊन गल्लीत शिरे. गिरणीवाला पोती वर आणून आमच्या खोलीत रचे आणि आम्ही त्या पोत्यांवर झोपत असू. कार्तिकात ती निवळे. पौर्णिमेला बायका पानांच्या द्रोणांत दिवे सोडत आणि ते दिवे वळणापर्यंत जाताना दिसत. चैत्रात नदी एका बाजूला सरकून निजे, मोकळ्या वाळवंटात टरबुजांच्या वाड्या लागत, आणि संध्याकाळी तापलेल्या वाळूवर पाणी शिंपडल्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येई. हा वास मी नंतर कुठे घेतला नाही. लातुरात मी पन्नास वर्षे राहते आहे. तिथे नळाला पाणी येण्याचा वार असतो. नदीचा वास नसतो.

या सगळ्यात घाट खऱ्या अर्थाने रंगाऱ्यांचा होता. त्यातही हमीदचाचांचा. उंच, वाकलेले, कोपरापर्यंत हात रंगलेले. त्यांच्या हातांवरून कोणता सण जवळ आला ते ओळखता येई. संक्रांतीपूर्वी हात काळेसावळे होत, पाडव्यापूर्वी केशरी, आणि लग्नसराईत एक हात एका रंगाचा आणि दुसरा दुसऱ्या. विटलेली लुगडी टाकून देण्याची तेव्हा पद्धत नव्हती. ती घाटावर जात आणि नवी होऊन येत. बायका पायरीवर उभ्या राहून रंग सांगत. डाळिंबी, अंजिरी, मोरपंखी, चिंतामणी, राघू. ज्यांना नाव सापडत नसे त्या म्हणत, "पाऊस यायच्या आधी ढग असतो ना, तसा करा."

"तसा ढग आणून दाखवा, बाई," हमीदचाचा म्हणत. "मग करतो."

आम्हा मुलींचे काम वाळवण्याचे होते. ते काम म्हणजे खेळच. नऊ वारी ओले लुगडे दोघांनी दोन टोकांना धरायचे आणि वाऱ्याच्या तोंडाला उभे राहायचे. मधोमध कापड फुगे, खाली वाळूवर रंगीत सावली हले, आणि हातातल्या टोकातून वाऱ्याची ओढ खांद्यापर्यंत जाणवे. चाचांचा मुलगा सलीम दुसरे टोक धरी. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होता आणि मुद्दाम टोक सोडून देण्यात पटाईत होता.

"मास्तरांची बेटी हाय ती," चाचा त्याला ओरडत. "तिच्यासंगं मस्ती करू नको. ती खरं ते जाऊन सांगंल."

गल्लीत माझी हीच ओळख होती. अप्पा खोटे बोलत नसत. शाळा तपासणीला वरिष्ठ आले आणि त्यांनी विचारले, तर अप्पा स्वतःच्या वर्गाची उणीव स्वतः सांगत. भांडण झाले की लोक गिरणीचा जिना चढून येत आणि म्हणत, "मास्तर, तुम्ही बघितलंय. तुम्हीच सांगा." मला त्या जिन्याचा फार अभिमान होता.

मी बारा वर्षांची असताना दिवाळीनंतर अप्पा गेले.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मला एका रंगाचे आठवतात, विभूतीच्या. आमच्यात सुतक पाळायचे नसते, असे अप्पा सांगत. पण काय पाळायचे हे ठरवायला अहमदपूरहून आत्याबाई आल्या होत्या. त्या वाईट नव्हत्या, हे मी आज लिहू शकते. एकोणिसाव्या वर्षापासून त्या पांढऱ्या लुगड्यात होत्या. बाईच्या आयुष्यात यापुढे काय येते, हे आपल्याला ठाऊक आहे आणि ते नीट समजावून देणे हेच प्रेम, असे त्यांना वाटत असावे.

अव्वाची, म्हणजे माझ्या आईची, चांगली अशी तीन लुगडी होती, तिन्ही इरकली. एक चिंतामणी, एक डाळिंबी आणि एक राघूच्या पंखासारखे हिरवे. अव्वा उदगीरची, माहेराहून कानडी शब्द आणि ही लुगडी घेऊन आली होती. आत्याबाईंनी चिंतामणी आणि डाळिंबी यांची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"रंगाऱ्याकडं नेऊन दे. म्हणावं, रंग उतरवा. पांढरी करा." मग अव्वाकडे वळून म्हणाल्या, "अंगावरचं राहू दे तोवर. ती दोन आली की हे देऊ."

अंगावर हिरवे होते. अव्वा तेव्हा तिशीची होती.

मी घडी घेऊन पायऱ्या उतरले. हमीदचाचांनी ती घेतली, उलगडली, आणि निरोप ऐकल्यावर पुन्हा तशीच मिटली. कितीतरी वेळ ते त्या घडीवरून हात फिरवत राहिले. हे दोन्ही रंग विटल्यावर त्यांनीच दोन वर्षांपूर्वी नव्याने चढवले होते.

"ठेव," ते म्हणाले. "कल आ बेटा."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून परस्पर घाटावर गेले.

"चाचा, लुगडी झाली?"

"कुठं झाली! पानी बघ की कसं गढूळ हाय."

मी पाहिले. मार्गशीर्षातले पाणी ते. तळातले गोटे मोजता आले असते.

"गढूळ नाहीये, चाचा. तळ दिसतोय."

"तुला वरून दिसतंय. रंगाऱ्याला आतून बघावं लागतं. कल आ."

मी घरी आले. अव्वा चुलीपुढे होती. "काय म्हणले गं?" तिने विचारले.

"पाणी गढूळ आहे म्हणाले. खोटं बोलतात ते."

"असंल गढूळ," अव्वा म्हणाली. "ज्याच्या धंद्यातलं त्याला कळतं."

त्यानंतरच्या दिवशी आभाळ आले होते, असे चाचांचे म्हणणे. आभाळ निळेभोर होते. पुढे एकदा भट्टीची लाकडे ओली निघाली. एकदा त्यांचा हात दुखावला होता, पण त्याच हाताने ते कुणाचा तरी फेटा पिळत होते. एकदा म्हणाले, "आज जुम्मा हाय ना."

"आज गुरुवार आहे, चाचा."

"मग उद्या जुम्मा हाय. जुम्म्याच्या आदल्या दिवशी मोठं काम धरत न्हाईत."

सलीम मागे तोंड दाबून हसत होता. मला मात्र रडू येत होते. इतके उघड खोटे बोलणारा मोठा माणूस मी पाहिला नव्हता. रोज संध्याकाळी मी रिकाम्या हातांनी जिना चढे आणि रोज अव्वा विचारी, "काय म्हणले?" मी चिडून सांगे आणि ती म्हणे, "बरं. उद्या जा."

आत्याबाई मात्र दिवस मोजत होत्या. "अजून हिरवीच का? लोकांनी बघायचं तरी कसं?" येणाऱ्याजाणाऱ्या बायका दारात थबकत आणि अव्वाकडे पाहून मग दुसरीकडे पाहत. शाळेत पाण्याच्या टाकीपाशी एका मुलीने मला विचारले, "तुझी आई अजून हिरवं नेसती व्हय?" तिच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. ती खरोखर विचारत होती. त्यामुळेच मला ते जास्त लागले. त्या दिवसांत मी अव्वाकडे नीट पाहतच नव्हते. तिच्याशी बोलताना मी तिच्या हातांकडे पाही किंवा चुलीतल्या जाळाकडे. तिलाही माझ्यासारखीच लाज वाटत असेल, हमीदचाचा तिला उगाच अडकवून ठेवत आहेत, अशी माझी पक्की समजूत झाली होती. मी बारा वर्षांची होते आणि दिलेले काम वेळेत झालेच पाहिजे, असे मला शिकवलेले होते.

असे बरेच दिवस गेले. दोन आठवडे नक्की, कदाचित जास्त. मग एका संध्याकाळी मी पायऱ्या उतरले ती काय बोलायचे ते ठरवूनच.

"बेटा, आज तर..." हमीदचाचांनी सुरुवात केली.

"अव्वानं सांगितलंय," मी म्हणाले. "आजच्या आज करून द्या. नाहीतर दुसऱ्या रंगाऱ्याकडे देते म्हणाली."

चाचा कुंडाशी उकिडवे बसले होते. ते हळूहळू उभे राहिले.

"अम्मानं सांगितलं? खुद्द त्यांनी?"

"हो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर खाली केली नाही, हे मला आजही स्पष्ट आठवते. मग ते सलीमकडे वळले, की स्वतःशीच बोलले, कोण जाणे. "मास्तरांची बेटी हाय. खोटं बोलायची न्हाई."

त्यांनी भट्टी पेटवली. लाकडे कोरडी ठणठणीत होती. हंड्यात पाणी आणि सोडा उकळू लागला. मग त्यांनी एका डब्यातून रंगकाट नावाची पांढरी पूड टाकली. काडेपेटीची काडी नुकतीच विझावी तसा उग्र वास सुटला. चाचांनी आधी चिंतामणी लुगडे सोडले. बांबूने ते खाली दाबले, वर आणले, पुन्हा दाबले. मला वाटले होते, रंग धुऊन निघतो तसा हळूहळू निघेल. तसे झाले नाही. कापडातून काहीतरी एकदम दचकून उठल्यासारखे झाले. निळसर जांभळ्याचा आधी मातट झाला, मग शेवाळी, मग कशालाच नाव देता येणार नाही असा. आणि बांबूने तिसऱ्या वेळी कापड वर आले तेव्हा त्याचा ताकावरच्या निवळीसारखा रंग होता. मग डाळिंबी. त्याचा पदर रेशमी होता. तो काही पुरता पांढरा होईना. चाचांनी पुन्हा पूड टाकली नाही. हंडा तिरका केला आणि ते पाणी पायऱ्यांवरून खाली सोडले. एकेका पायरीवर ते थांबे, पसरे, आणि खालच्या पायरीवर उतरे. नदीत शिरल्यावर काही अंतरापर्यंत ते वेगळे ओळखू येत होते. नंतर नदीने ते घेतले.

वाळवायला कुणी टोके धरली नाहीत. पिळा माझ्या हातात देताना चाचांनी माझ्याकडे पाहिले नाही.

जिना चढताना मला हायसे वाटत होते. हे लिहायला मला पुष्कळ वेळ लागला, पण वाटत होते हे खरे. अव्वा मागच्या खिडकीशी उभी होती. तिने माझ्या हातांतले ओझे घेतले.

"झालं का," ती म्हणाली. मग, "ओली हायेत अजून." तिने ती दोरीवर टाकली, सुरकुत्या हाताने मोडल्या, दोन्ही काठ जुळवून बरोबर ओढले, जसे नेहमी करी.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तेव्हा अव्वा पांढऱ्यात होती आणि हिरवे घरात नव्हते. आत्याबाईंनी दिले असेल, असे मी धरून चालले. आठवड्याने त्या अहमदपूरला परत गेल्या. पुढच्या वर्षी अव्वाला लातूरच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचे काम मिळाले आणि आम्ही गिरणीवरच्या दोन खोल्या सोडल्या. अव्वाने मला शिकवले. मी रसायनशास्त्र शिकवू लागले. विरंजनाचा, म्हणजे रंग उडवण्याचा, पाठ दरवर्षी येई, आणि काटेकोरपणाने बाकी सगळे प्रयोग स्वतः करून दाखवणारी मी, तो एक प्रयोग प्रयोगशाळेतल्या सहायकावर सोडून व्हरांड्यात जाऊन उभी राहत असे. का, ते मला कुणी विचारले नाही. अव्वाने तर कधीच काही विचारले नाही. त्या संध्याकाळबद्दल आम्हा दोघींत एक अक्षर निघाले नाही. अव्वा पांढऱ्यातच राहिली. पुढे फिकट राखाडी, फिकट बदामी, एवढीच मजल. तिच्या आसपासच्या बायका दिवस बदलले तशा बदलल्या, रंगीत नेसू लागल्या. अव्वा बदलली नाही. मी नोकरीला लागल्यावर एकदा तिच्यासाठी मोरपंखी साडी आणली होती. तिने ती कौतुकाने पाहिली, घडी मोडली, पुन्हा घातली, आणि माझ्याच कपाटात ठेवली.

कठड्याशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे. ओट्यावरची मुले उठून गेली. परत फिरताना गल्लीच्या तोंडाशी मला एक पाटी दिसली: साडी रोल प्रेस, पिको, फॉल. आत लाकडी रुळांच्या यंत्रावर एक पांढऱ्या दाढीचा माणूस साडी चढवत होता. साडीचे टोक धरण्याची त्याची पद्धत मी कुठेही ओळखली असती.

"सलीमभाई?"

त्यांनी चष्मा वर केला. मी अप्पांचे नाव सांगितले, गिरणी सांगितली. त्यांना क्षणही लागला नाही.

"मास्तरांची बेटी!" ते म्हणाले. "या, या. बसा. अरे, टोक सोडून दिलं की धावत तक्रार करायची ती तूच ना?" मग एकदम सावरून, "तुम्हीच ना?"

"मीच. तूच म्हणा."

चहा आला. हमीदचाचांना जाऊन फार वर्षे झाली होती. कुंडे बुजली, त्याआधी काम बुजले होते. "आता रंगवतंय कोण? विटली की पुसायला घेत्यात," सलीमभाई हसून म्हणाले. मग चहाची बशी खाली ठेवून त्यांनी विचारले, "अम्मा?"

"आहेत. लातूरला, माझ्याजवळ."

"हायेत?" त्यांचा चेहरा उजळला. "अब्बा लई नाव काढायचे त्यांचं. त्या लुगड्यानंतर अब्बांनी रंग काढायचं काम कधी धरलं न्हाई, माहीत हाय का? कुणी बी येऊ दे. म्हणायचे, चढवायचं सांगा, उतरवायचं दुसरीकडं बघा."

त्यांना वाटले, मला गोष्ट ठाऊक आहे, म्हणून ते पुढे बोलत राहिले.

"त्या रात्री अब्बा जेवले न्हाईत. सकाळी उठून तुमच्या घरी गेले, मी संगं होतो. तू शाळेत गेली होतीस. अम्माला म्हणले, दोन्हींवर रंग परत चढवून देतो, होता तसाच, कुणाला पत्ता लागायचा न्हाई. एवढंच सांगा, पोरीला तुम्ही तसं सांगून पाठवलं होतं का? अम्मा म्हणल्या, हो, मीच सांगितलं. आन् आत जाऊन अंगावरचं हिरवं बदलून आल्या. ते बी अब्बांच्या हातात दिलं. म्हणल्या, याचा पण काढा."

सलीमभाईंनी रुळावरची साडी सारखी केली. "लई सच्ची बाई," ते म्हणाले.

लातूरच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली होती. लोहा गेले, अहमदपूर गेले. मी बाहेर पाहत होते, पण काही पाहिल्याचे आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा गॅलरीतल्या उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिने आता ऐंशी ओलांडली आहे. हात मात्र अजून कामाशिवाय बसत नाहीत. मी तिच्याजवळ पाटावर बसले.

"नांदेडला सलीमभाई भेटले. हमीदचाचांचे."

"लुगड्याचं टोक सोडायचा तो?" अव्वा हसली. "बरा हाय का?"

"बरे आहेत." मी थांबले. "ते म्हणाले, चाचा आपल्याकडे आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी. रंग परत चढवून देतो म्हणाले होते."

अव्वाने हातातली शेंग सोलून पूर्ण केली. दाणे सुपात टाकले.

"हो. आलते."

"मी खोटं बोलले होते, अव्वा. तू मला तसं काहीच सांगितलं नव्हतंस."

"मला ठाऊक न्हाई व्हय, मी काय सांगितलं न्हाई ते?"

"मग तू त्यांना हो का म्हणालीस?"

"न्हाई म्हणले असते तर तू खोटी पडली असतीस."

"पडले असते."

"पडले असते म्हणं!" अव्वा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या न समजणाऱ्या मुलाला समजवावे तसे ती बोलत होती. "तुझ्या अप्पांना जाऊन महिना झालता. मास्तरांची पोरगी खोटं बोलती, हे घाटावर मी सांगू? गल्लीत त्यांचं तेवढं एकच राहिलं होतं आपल्याकडं. ते बी पान्यात सोडू?"

"म्हणून हिरवंही दिलंस?"

"नुसतं हो म्हणून भागलं नसतं. हमीदभाई शहाणा माणूस. रोज तुला परत पाठवायचे ते काय पानी गढूळ होतं म्हणून? त्यांना खरं वाटलं पायजे होतं." तिने टरफले बाजूला सारली. "मला बरं वाटायचं गं, तू रिकामी आलीस की. खिडकीतनं बघायची मी. वाटायचं, चला, उद्या पण हे नेसायला मिळालं."

खाली रस्त्यावर पाण्याचा टँकर आला होता. भांडी घेऊन उतरणाऱ्या बायकांचा गलका झाला. तो शमेपर्यंत मीही दोन शेंगा सोलल्या.

"नंतर तरी," मी म्हणाले. "आत्याबाई गेल्यावर. इथं आल्यावर. मी साडी आणली होती तेव्हा. नेसायची होतीस ना."

"मनात आलतं." अव्वाने सुपातले दाणे बोटांनी पसरले. "पन तोवर तुला मी पांढऱ्यातच आई वाटाय लागले होते. नेसून तुझ्यापुढं आले असते, आन् तू दचकली असतीस तर?"

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मला क्षमा मागायची होती आणि त्यासाठी वाक्य सापडत नव्हते. मी "अव्वा" एवढेच म्हणाले.

"साकु," ती म्हणाली. पुरे, असा तिचा माहेरचा शब्द. मग काही वेळाने, शेंगांकडेच पाहत, जरा लाजल्यासारखे तिने विचारले, "हिरव्यातली आठवते का गं मी तुला?"

मी डोळे मिटले नाहीत, पण पाहिले. चिंतामणीचा मातट झालेला रंग मला दिसला. पायरीपायरीवर थांबणारे पाणी दिसले. चाचांचे कोपरापर्यंतचे हात, सलीमचे दाबलेले हसू, टाकीपाशी उभी असलेली ती मुलगी, सारे दिसले. चुलीपुढे बसलेली बाई दिसली, तिचे हात दिसले, भाकरी दिसली. लुगड्याच्या जागी मात्र कोणताही रंग नव्हता. इतके दिवस ती त्या रंगात माझ्यासमोर वावरली होती आणि मी एकदाही वर पाहिले नव्हते.

"हो," मी म्हणाले. "चांगली आठवतेस."

अव्वा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि तिने पुढची शेंग उचलली.